क्रेफिशची पिल्लं: तीन फुटी टाकीत किती ठेवावीत?

विश्रामबागचा (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रेडक्लॉ क्रेफिशची (गोड्या पाण्यातला, लहान लॉबस्टरसारखा नांग्यांचा प्राणी) जोडी आहे. दुकानात 'ब्लू लॉबस्टर' म्हणून मिळाली होती. नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला लाल मऊ पट्टा उमटला तेव्हा जात नक्की कळली. मे महिन्यात मादीच्या शेपटीखाली अंडी दिसली आणि आता पिल्लं आईला सोडून टाकीभर फिरायला लागली आहेत. मोजायचा प्रयत्न केला, पण जमत नाही. अडीचशेच्या आत-बाहेर असावीत. एकेक जेमतेम सेंटिमीटरभर.

नर-मादी दोघांना बाहेर काढलंय. पिल्लांसाठी टाकी एकच: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वरून थोडी मोकळी ठेवली तरी १६० लिटर पाणी बसतं. दोन स्पंज फिल्टर चालू आहेत, हीटर नाही, खाली वाळूही नाही.

प्रश्न हा की यात किती पिल्लं ठेवावीत? एका व्हिडिओत 'लिटरला एक' सांगितलंय. दुसरे एक जण 'पाच लिटरला एक' म्हणतात. पहिल्या हिशोबाने दीडशे राहतात, दुसऱ्याने तीस. एवढा फरक कसा? माझी इच्छा जास्तीत जास्त जगवायची आहे. थोडी मोठी झाली की टाकीवाल्या मित्रांना देईन, त्यातून पुढच्या टाकीचा खर्च निघेल. कुणी प्रत्यक्ष वाढवली असतील तर सांगा.

कोयनेकाठी (कराड)

लिटरला एक बरोबर आहे. आम्ही शेततळ्यात सोडायच्या आधी जंबो कोळंबीचं बीज सिमेंटच्या टाकीत ठेवतो, तेव्हा घनमीटरला हजार हाच हिशोब धरतो. घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे लिटरला एकच झालं. टाकीत जाळी सोडली तर त्याहून जास्तही बसतात. क्रेफिश तरी काय, कोळंबीचाच भाऊबंद. हवा चांगली ठेवा आणि बिनधास्त सोडा.

तासगावची टाकी

आधी अभिनंदन, दादा. अंडी पोटाखाली धरून मादीने पिल्लं सुटी होईपर्यंत सांभाळली, म्हणजे तुमचं पाणी चांगलं आहे. बिघडलेल्या पाण्यात किंवा सारख्या धक्क्याने मादी अंडी झटकून टाकते.

कराडच्या दादांचा आकडा कोळंबीसाठी खरा आहे, पण तो क्रेफिशला लावू नका. कोळंबीचं बीज अळीच्या अवस्था संपवून नुकतंच गोड्या पाण्यात आलेलं असतं. ते पोहतं, भिंतीला चिकटतं, जाळीवर लटकतं. पाण्याचा वरपासून खालपर्यंतचा भाग वापरतं. शिवाय त्या दाटीत ते काही आठवडेच असतं, मग तळ्यात विरळ होतं. क्रेफिशला अळीची अवस्थाच नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईच्या पोटाखाली चिकटून दोनदा कात टाकतं आणि उतरतं तेव्हा आईबापांचीच छोटी प्रत असतं, नांग्यांसकट. ते पोहत नाही, चालतं. चढायला काही मिळालं तर चढतं, नाही मिळालं तर तळाला असतं.

म्हणून मी लिटर मोजतच नाही. तुमची टाकी दीडऐवजी तीन फूट उंच असती तर पाणी दुप्पट झालं असतं, पण पिल्लांची जागा तेवढीच राहिली असती. मोजायचा तो तळ. तुमचा तळ तीन गुणिले दीड, म्हणजे साडेचार चौरस फूट. अडीचशे पिल्लं म्हणजे चौरस फुटाला पंचावन्न. नुसत्या काचेवर ही दाटी फार होते.

दाटीने नक्की होतं काय, ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की आकडा तुमचा तुम्हाला काढता येईल.

क्रेफिशचं कवच वाढत नाही. वाढायचं तर कात टाकावीच लागते, आणि पिल्लं लहानपणी वरचेवर कात टाकतात. कात टाकायच्या आधी कवचातला थोडा चुना अंगात ओढून घेतात. जठरात दोन पांढरे खडे तयार होतात, त्यात तो साठतो. कात टाकल्यावर तोच चुना वापरून नवं कवच घट्ट होऊ लागतं. मधल्या काळात पिल्लू मऊ असतं, नीट उभंही राहू शकत नाही, नांगी उगारली तरी तिच्यात जोर नसतो. त्या वेळी शेजारून टणक कवचाचं पिल्लू गेलं तर ते त्याला खातं. यात स्वभावाचा दोष नाही. भरल्या पोटाचं पिल्लूही मऊ पिल्लाला सोडत नाही. खाणं वाढवल्याने हे कमी होतं, बंद होत नाही.

तेव्हा दाटी म्हणजे काय, तर मऊ झालेलं पिल्लू दुसऱ्याच्या वाटेत सापडण्याची शक्यता. पिल्लं दुप्पट झाली की आजूबाजूचे धोकेही दुप्पट होतात. आडोसे दुप्पट केले की ते धोके पुन्हा कमी होतात. तुम्हाला मिळालेल्या दोन आकड्यांत एवढा फरक का, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. एकाने भरपूर आडोसे असलेली टाकी धरली असेल, दुसऱ्याने रिकामी काच. किंवा एकाचं बोलणं सेंटिमीटरच्या पिल्लांबद्दल असेल आणि दुसऱ्याचं दोन इंचीबद्दल.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस तुम्हाला वाटेल की काही अडचणच नाही. सगळी एका दिवसाची, एका मापाची, एकमेकांच्या अंगावरून चालतात तरी कुणी कुणाला काही करत नाही. रेडक्लॉ तसाही इतर क्रेफिशांपेक्षा शांत आहे, म्हणून तर ऑस्ट्रेलियात त्याची शेती होते. पण मग लहान-मोठं पडायला लागतं. चार-दोन पिल्लं पुढे निघतात. ती पुढे निघाली की चांगली खायची जागा आणि चांगला आडोसा त्यांचा होतो, मागची घाबरून बाहेर येत नाहीत आणि आणखी मागे पडतात. जेवढी दाटी, तेवढं हे अंतर लवकर आणि जास्त पडतं. मग मोठ्याच्या टाकीत लहान पिल्लू कात टाकतं आणि संपतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ती मेलेली पिल्लं मोजून दिसत नाही. दाटीत जी जगतात त्यांचीही वाढ खुंटते. पाणी स्वच्छ असू द्या, खाणं मुबलक असू द्या, तरी खुंटते. सारखी पळापळ, सारखी झटापट. नांगी तुटली की पुढच्या कातींमध्ये ती परत येते, पण तिच्यासाठी लागणारं बळ वाढीतून वजा होतं. दाट टाकीतून काढलेली आणि विरळ टबातून काढलेली एकाच मादीची पिल्लं शेजारी ठेवली तर एका वयाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

आता तुम्ही 'जास्तीत जास्त जगवायची' म्हणता, त्यावर एक विचार करा. दाट ठेवलं तर शंभरातली कमी जगतात, पण एका टाकीतून निघणारी एकूण संख्या कधीकधी विरळ टाकीपेक्षा जास्तच भरते. फक्त ती बारकी, लहान-मोठी आणि एका नांगीची भरते. विरळ ठेवलं तर थोडी निघतात, पण एकसारखी आणि धडधाकट. मित्रांना द्यायची असतील तर दुसरीच बरी. जन्माला आलेल्या प्रत्येक पिल्लाची जबाबदारी आपल्यावर आहे असं मी मानते. त्यामुळे अर्धी खाऊन अर्धी उरतील असा हिशोब मला मान्यच नाही.

माझं माप असं. सेंटिमीटरच्या पिल्लांना पहिला महिनाभर चौरस फुटाला पंधरा ते वीस. इंचभर झाली की पाच-सहा. दोन इंची झाली की एक, फार तर दोन. तळ भरपूर आडोशाचा असेल आणि जाळीचे गठ्ठे वरपर्यंत असतील तर पहिल्या महिन्यात पंचवीसपर्यंत जाते, त्यावर नाही. म्हणजे तुमच्या टाकीत आत्ता शंभरेक. उरलेल्यांसाठी दुसरी काचेची टाकी घेऊ नका. भांड्यांच्या दुकानातले रुंद प्लास्टिकचे टब घ्या. अडीच फूट व्यासाचा गोल टब म्हणजे जवळजवळ पाच चौरस फूट तळ, तुमच्या काचेच्या टाकीपेक्षा जास्त, आणि सहा-सात इंच पाणी पुरतं. असे दोन टब घेतले की अडीचशेचा प्रश्न या महिन्यापुरता सुटला. पाणी कमी असल्याने ते लवकर खराब होतं, तेवढं रोजचं लक्ष द्यावं लागेल.

आडोशांचं सांगते, कारण निम्मं यश तिथे आहे. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या मार्केट यार्डात कुणीही देतं. चार-पाच पिशव्या एकत्र चुरगाळून मधोमध बांधायच्या, खाली दगड, वर थर्माकोलचा तुकडा, म्हणजे गठ्ठा उभा राहतो. पिल्लं त्यात थराथराने बसतात, तळावरची गर्दी कमी होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रेडक्लॉच्या तळ्यांतही जाळीचे असेच गठ्ठे सोडतात. तिथे पाच-पंधरा ग्रॅमची पिल्लं तळ्यात सोडताना चौरस मीटरला पाच ते पंधरा एवढीच धरतात. चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, यावरून मोठेपणी किती जागा लागते याचा अंदाज येईल.

गठ्ठ्यांबरोबर ठिबकच्या १६ एमएम नळीचे दोन-दोन इंचाचे तुकडे टाका. पिल्लांपेक्षा तुकडे जास्त हवेत, कारण प्रत्येकाला मनासारखी जागा सापडली पाहिजे आणि एक हुकली तर दुसरी जवळ हवी. पण नळी नवीन घ्या. आमच्या भागात प्रत्येक द्राक्षबागेच्या कडेला जुन्या नळीची वेटोळी पडलेली असतात आणि ती उचलायचा मोह होतो. त्यातून वर्षानुवर्षं औषधं गेलेली असतात. कीटकांसाठीची औषधं क्रेफिशलाही मारतात, दोघांचं कूळ जवळचं. अगदी थोडी मात्राही पिल्लांना पुरते. बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबंही घातक. फवारणीच्या दिवशी मी खिडक्या लावून हवेचा पंप बंद खोलीतच ठेवते, कारण पंप बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. आमच्या बेदाणा शेडला गंधकाची धुरी असते, म्हणून टब शेडमध्ये नाहीत, घरामागच्या खोलीत आहेत. तुम्ही शहरात आहात, तुमच्यासाठी हेच मच्छरच्या कॉइलला, लिक्विडला आणि झुरळांच्या स्प्रेला लागू. ज्या खोलीत टब, त्या खोलीत यातलं काहीही नको.

खाणं संध्याकाळी, दिवा बंद करायच्या आधी, आणि एका जागी ढीग करून नाही. सगळ्या तळावर विखरून टाका. एका कोपऱ्यात टाकलं की मोठी पिल्लं तो कोपरा धरून बसतात. देशी बदामाची वाळलेली पानं नेहमी तळाला असू द्या. ती कुजतात तसं पिल्लं त्यावरचं खात राहतात, दिवसभर तोंडाला काम मिळतं. कोळंबीचं बारीक खाद्य, उकडलेला वाटाणा, गाजर चालतं. द्राक्षाची पानं चुकूनही नको, कारण वर सांगितलंच.

नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घाला. दाट टबात अमोनिया पटकन चढतो आणि आपलं पाणी जड, पीएच वरच्या बाजूला, त्यात अमोनिया जास्त विषारी होतो. मी रोज चौथा हिस्सा बदलते. जड पाण्याचा फायदाही आहे, कवचाला चुना मिळतो.

सायगावकर (सातारा)

ताईंचं सगळं पटलं, पण मी एक पाऊल पुढे जाईन. मुळात एकत्र ठेवायचीच कशाला? माझ्याकडे प्लास्टिकच्या बरण्या आहेत, एका बरणीत एक पिल्लू. दुसरं जवळ नसल्यामुळे खाल्लं जायचा प्रश्नच नाही. दोन्ही नांग्या शाबूत, रंग चांगला. दाटीचा विषयच संपतो.

तासगावची टाकी

सायगावकर दादा, दहा-वीस पिल्लं असतील तर तुमची पद्धत उत्तम. विश्रामबागच्या दादांकडे अडीचशे आहेत. अडीचशे बरण्यांचं पाणी रोज बदलायचं, अडीचशे ठिकाणी मोजून खाणं टाकायचं, आणि एका बरणीत उरलेला दाणा राहिला की दुसऱ्या दिवशी ते पाणी नासलेलं. बरणीत फिल्टर बसत नाही. शिवाय जागा अगदी लहान झाली की एकटं असलेलं पिल्लूही वाढीला मागे पडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मी वेगळं ठेवते ते दोन वेळी. एक, नांगी किंवा पाय गमावलेलं पिल्लू, पुढची कात होईपर्यंत. दोन, सगळ्यांच्या पुढे निघालेली मोठी. दर काही आठवड्यांनी टब उपसून मापाप्रमाणे वाटणी करते: मोठी एका टबात, मधली दुसऱ्यात, बारकी तिसऱ्यात. मोठी बाजूला गेली की मागे राहिलेल्यांतली बरीचशी वेग धरतात. त्यांच्यात कमी काही नव्हतं, नुसता धाक होता. माझ्या मते आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण ही वाटणी टाळू नये.

सायगावकर (सातारा)

मान्य. वाटणीचं मी करत नव्हतो, कारण बरणीत गरजच पडत नव्हती. इथे साताऱ्याची थंडी मात्र नडते. डिसेंबरमध्ये हीटर नसलेल्या बरण्यांत पिल्लं खात नाहीत, कातही टाकत नाहीत.

तासगावची टाकी

रेडक्लॉ उष्ण भागातला, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आणि पापुआ न्यू गिनीच्या दक्षिणेकडच्या नद्यांमधला. २४ ते २८ अंशांत रमतो, २० च्या खाली वाढ जवळपास थांबते. मोठ्या टबात एक हीटर शंभर पिल्लांना पुरतो, हीही एकत्र ठेवण्याची एक सोय. सांगलीत आत्ता पावसाळ्यात काळजी नाही. दिवाळीनंतर बघा.

गावभागातला (सांगली)

माफ करा, थोडं वेगळं बोलतो, पण हे बोलल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. दादा, तुमच्या टाक्या कितव्या मजल्यावर आहेत?

गावभागात राहणाऱ्याला हा प्रश्न सुचणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तळमजल्यावरच्या लोकांनी गॅस आणि कागदपत्रं काढली आणि निघाले, माशांच्या टाक्या कोण काढणार? माझ्या गल्लीतल्या किती टाक्यांमधले मासे नदीला मिळाले, देव जाणे.

मासे गेले तर बरेचसे मरतात. क्रेफिश मरणार नाही. भारतातल्या नद्यांत मूळचा एकही क्रेफिश नाही, म्हणजे त्याला ओळखणारा शत्रूही ठरलेला नाही. हाच रेडक्लॉ झांबियात शेतीसाठी नेला आणि आता काफुए नदीत आणि करिबा जलाशयात पसरलाय. जाळ्यात अडकलेले मासे तो कुरतडतो अशी तिथल्या कोळ्यांची तक्रार आहे. त्याचा भाऊबंद, अमेरिकेचा लाल दलदली क्रेफिश, १९७३ मध्ये स्पेनमध्ये आणला आणि भातखाचरांच्या बांधांना बिळं पाडत पसरला. आपल्याकडे कृष्णा, वारणा, कोयना आणि ठिकठिकाणी त्यांचे कालवे. एकदा आत गेला की बाहेर काढणारं कुणी नाही.

पिल्लं जगवायला हरकत नाही. पण अडीचशे जगवली आणि पन्नास जणांना वाटली, तर पन्नास घरांतून ती कुठे जातील याचा विचार आत्ताच करा.

विश्रामबागचा (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. गावभागातल्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि टाकीला झाकण आहे. पण वाटणीचा विचार मी खरंच केला नव्हता. काल मामांचा फोन आला होता, ते पलूसकडे असतात. शेततळ्यात सोडायला शंभर पिल्लं मागत होते. मी हो म्हणायच्या बेतात होतो.

टब आणले आहेत, दोन. कांद्याच्या पिशव्या मिळाल्या. टाकीत शंभर ठेवली, उरलेली दोन्ही टबांत साधारण निम्मी-निम्मी. नळी नवीनच घेतली. आता दोन शंका:

एक, आज सकाळी टबात एक पिल्लू उताणं पडलेलं दिसलं, हालचाल जवळजवळ नाही. मेलं असावं म्हणून काढायला गेलो तर पाय हलले. काय करावं?

दोन, मामांना काय सांगू?

तासगावची टाकी

उताण्या पिल्लाला हात लावू नका. बहुतेक कात टाकतंय. आडवं किंवा उताणं पडून पाठीच्या सांध्यातून मागे सरकत बाहेर येतं. हाताने ओढलं तर पाय तुटतात. जाळीचा एखादा तुकडा त्याच्यावर हलकेच झाका म्हणजे इतरांच्या नजरेत यायचं नाही. मागे रिकामी कात राहील, तीही काढू नका. पिल्लू स्वतःच ती खातं, त्यातला चुना परत मिळतो. पण तास-दोन तास गेले आणि पिल्लू लालसर, शिजवल्यासारखं दिसायला लागलं, वास यायला लागला, तर मेलेलं आहे, लगेच काढा.

मामांना नाही म्हणा. मी स्पष्टच सांगते, शेततळ्यासाठी मी कुणालाच देत नाही, कितीही जवळचा असो. शेततळं प्लास्टिकचं असलं तरी क्रेफिश रात्री, पावसात, पाण्याबाहेर निघून चालत जातो. सांडव्याचं पाणी ओढ्याला, पलूसकडचा ओढा येरळेला, आणि येरळा ब्रह्मनाळला कृष्णेत. परदेशी जलचर आणायला केंद्राची परवानगी लागते ती याच कारणाने. बाजारात सहज मिळतो म्हणून तळ्यात सोडायची मोकळीक मिळत नाही. मामांना तळ्यात काही वाढवायचंच असेल तर कराडच्या दादांशी बोलायला सांगा. जंबो कोळंबी आपल्या देशातली आहे, तिची माहिती आणि बीज दोन्ही मिळतं, आणि भावही आहे.

द्यायची तर झाकणवाल्या काचेच्या टाकीवाल्यांनाच द्या, आणि एका घरात एकाच लिंगाची, म्हणजे पुन्हा अडीचशेचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहणार नाही. नर-मादी ओळखायला पिल्लं इंच-दीड इंचाची व्हावी लागतात. उलटं धरून पाहा, मादीची छिद्रं तिसऱ्या पायांच्या जोडीच्या मुळाशी, नराची पाचव्या. तोवर वाटूच नका.

कोयनेकाठी (कराड)

ताई, आकड्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मी कोळंबीच्याच डोळ्यांनी बघत होतो. मामांना जरूर बोलू द्या. बीज मे-जूनमध्ये सोडलेलं चांगलं, थंडीच्या आत माल निघतो. यंदा उशीर झालाय, पण तळ्याची तयारी आणि पाण्याची तपासणी आत्तापासून करता येईल. तुमच्या भागात बोअरचं पाणी फार जड असतं, त्याचा आकडा आधी काढून घ्या. जड पाण्यात कोळंबी सुस्तावते आणि कवचावर शेवाळासारखा थर चढतो.

विश्रामबागचा (सांगली)

कात होती! दुपारी पिल्लू नळीत जाऊन बसलं, रंग फिका, बाकी ठीक. कात तशीच ठेवली आहे.

मामांशी बोललो. थोडे नाराज झाले, पण कोळंबीचं ऐकून नंबर मागितला. दादा, तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवतो.

ताई, शेवटचं एक. टब उपसून वाटणी करताना पिल्लं मोजायची कशी? आता जाळीत लपलेली दिसतच नाहीत.

तासगावची टाकी

खाणं टाकायच्या आधी करा, संध्याकाळी नको, सकाळीच. शेजारी दुसरा टब त्याच पाण्याने अर्धा भरून ठेवा. आधी जाळीचे गठ्ठे एकेक करून सावकाश उचला आणि त्या टबाच्या पाण्यात हलके हलवा, पिल्लं सुटून पडतात. झटकू नका. मग नळीचे तुकडे, प्रत्येकातून फुंकर घालून नाही, पाण्यात उभा धरून. तळाला उरलेली चहाच्या गाळणीने घ्या. नुकती कात टाकलेली मऊ, फिकी पिल्लं दिसली तर त्यांची वाटणी त्या दिवशी करू नका, नळीच्या तुकड्यासकट उचलून वेगळ्या डब्यात ठेवा आणि दोन दिवसांनी सोडा. आकडा वहीत लिहा, टबाच्या क्रमांकासकट, आणि त्यापुढे सगळ्यात मोठ्याचं आणि सगळ्यात लहानाचं माप. त्या दोन मापांत दुपटीचा फरक दिसला की पुढची वाटणी लवकर घ्यायची.